पाना-पक्कड : कूलंट जातंय कुठं?

दिवाळी उरकली की पुण्यातल्या पोरांच्या डर्ट बाईका ताडपत्रीखालून बाहेर निघतात आणि माझ्याकडं प्रश्नांची रांग लागते. चार महिने पार्किंगच्या कोपऱ्यात ओल खात उभी असलेली गाडी, पहिल्याच रविवारी किक मारून थेट मैदानात, आणि सोमवारी सकाळी फरशीवर हिरवा डाग, मग त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. २०२४ ला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची रेस झाली तेव्हापासून तर दर गल्लीत एक रायडर तयार झालाय. यंदा बहुतेकांचं रडगाणं ह्या डागाचंच आहे म्हणून हा अख्खा स्तंभ कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या हिरव्या पाण्याला, देऊन टाकतो, चेन आणि क्लचवाल्यांनी महिनाभर कळ काढा.

प्रश्न : काका, माझ्याकडं सेकंडहँड घेतलेली २५० सीसी फोरस्ट्रोक मोटोक्रॉस आहे, इम्पोर्टेड, आधी कुणी कशी वापरली काही कल्पना नाही. वाघोलीच्या पुढं एका मोकळ्या रानात आम्ही चौघं प्रॅक्टिस करतो. दोन आठवड्यांपासून इंजिनच्या उजव्या बाजूला खालून थेंब पडतायत, हिरवट आणि चिकट. गाडी चालू असली की जास्त, बंद केली की थोडंसं पडून थांबतं. एका राइडला चहाचा कपभर तरी कमी होतं. ऑइल मात्र स्वच्छ आहे. मेकॅनिक म्हणतो हेडचं पॅकिंग गेलंय, वरचं इंजिन उघडावं लागेल. उघडायला देऊ का? (वाघोली)

उत्तर : आत्ता काही उघडायला देऊ नकोस. हेड म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, त्याचं पॅकिंग वर, तुझं गळतंय खाली, आणि तेही इंजिन फिरत असताना जास्त, एवढं ऐकलं की माझा हात आधी कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाकडं जातो. वरून ओघळून खाली आलेलं असू शकतं, नाही असं नाही, म्हणून खात्री करायची पद्धत सांगतो, खर्च काही नाही.

गाडी स्वच्छ धू, पण प्रेशर मशीनचा फवारा रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू नकोस, पत्ते आडवे होतात. पूर्ण वाळू दे. मग आईची टाल्कम पावडर घे आणि हेडच्या सांध्यापासून खाली पंपाच्या कव्हरपर्यंत, होजपाईपच्या क्लिपांभोवती, सगळीकडं फुंकून पांढरं करून टाक. खाली पांढरा पुठ्ठा ठेव, नवीन शर्टातला निघतो तो चालेल. आता स्टार्ट कर आणि टॉर्च घेऊन खाली बस, तीन-चार मिनिटं पुरे, ह्या गाड्यांना फॅन नसतो, उभ्या-उभ्या फार तापवायच्या नाहीत. जिथून पाणी निघतं तिथं पावडरीवर ओली गडद रेघ उठते. त्या रेघेचं वरचं टोक शोधायचं, लीक तिथं असतो. खालचं टोक बघून पार्ट मागवणारे मी खूप बघितलेत, त्यांच्या घरी न वापरलेल्या पॅकिंगांचा छान संग्रह झालेला असतो.

तुझ्या केसमधे मला वाटतं रेघ पंपाच्या कव्हरच्या मागं, खालच्या अंगाला असलेल्या एका बारीक भोकापाशी सुरू होईल. अगरबत्तीची काडी जाईल एवढंच भोक असतं, चिखलानं बुजलेलं असलं तर दिसतही नाही. पंपाचा शाफ्ट एका टोकाला ऑइलमधे फिरतो आणि दुसऱ्या टोकाला कूलंटमधे, मधे दोन सील, म्हणजे शाफ्टला घट्ट बसणाऱ्या रबरी रिंगा, असतात पाठीला पाठ लावून, आणि दोघांच्या मधल्या पोकळीतून हे भोक बाहेर काढलेलं असतं. त्यामुळं कुठलाही एक सील गेला की तो माल दुसऱ्या बाजूला न शिरता बाहेर पडतो. भोकातून कूलंट आलं तर पाण्याकडचा सील गेला, ऑइल आलं तर ऑइलकडचा. तुझं ऑइल स्वच्छ आहे आणि पडतंय ते हिरवं, म्हणजे ऑइलचा सील अजून तग धरून आहे.

आणि हे भोक बुजवायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी. मागं एका पोरानं गळती थांबली म्हणून मला खुशीत सांगितलं, बघतो तर पठ्ठ्यानं भोकात एम-सील भरलेलं. पंधरा दिवसांनी ऑइल काढलं तर दुधाची कॉफी. बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर पाणी ऑइलच्या सीलमधून आत शिरलं, आणि पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला किती सांभाळणार. दोन सीलचं काम होतं, क्रँक उघडावा लागला.

आता दुरुस्ती. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढ, पंपाच्या खालचा ड्रेन बोल्ट सोड, कूलंट भांड्यात घे, लिटर-सव्वा लिटर निघेल. इंजिन ऑइल पण काढून घे, कारण बहुतेक गाड्यांत सील क्लचच्या बाजूच्या कव्हरमधे बसवलेले असतात आणि ते कव्हर सोडवावंच लागतं. कव्हरचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, तर पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढ, भोकं पाड आणि जिथला बोल्ट तिथंच खोचून ठेव. लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर एकतर कव्हर फुटतं नाहीतर आटे जातात. इंपेलरचा, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्रीचा, बोल्ट सोडताना गाडी टॉप गिअरमधे टाकून मागचा ब्रेक कुणालातरी दाबून धरायला सांग, स्क्रूड्रायव्हर अडकवून इंपेलरची पाती तोडू नकोस.

शाफ्ट हातात आला की सीलचा ओठ, म्हणजे त्याची आतली रबरी कड, जिथं घासतो तिथं आडवं नख फिरव. हे मी जरा ठासून सांगतो कारण मी स्वतः ह्यात फसलोय. माझ्या जुन्या गाडीचा पाण्याचा सील मी एका सीझनमधे तीनदा बदलला, दर वेळी महिनाभर ठीक आणि मग परत थेंब, दुकानदाराला शिव्या घातल्या, डुप्लिकेट माल म्हटलं. तिसऱ्यांदा वैतागून शाफ्ट उन्हात धरून फिरवला तर त्यावर केसाएवढी चकचकीत चीर, डोळ्याला सरळ बघितलं तर दिसत नव्हती पण नख टचकन अडकत होतं. नवा सील त्याच चिरीत बसायचा आणि तिथूनच गळायचा. नख अडकलं तर शाफ्ट बदल. शाफ्ट मिळेपर्यंत काम चालवायचं असेल तर, आत जागा असली तर, सील अर्धा-एक एमएम कमी खोल बसवायचा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर घासतो, पण ती तात्पुरती सोय. शाफ्ट हातानं वर-खाली हलतोय का तेही बघ, बेअरिंगला खेळ असला तर शाफ्ट डगडगतो आणि कितीही भारी सील टाकला तरी टिकत नाही.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू त्या-त्या द्रवाकडं, म्हणजे एकाची स्प्रिंग कूलंटकडं आणि एकाची ऑइलकडं. काही मॉडेलना वेगळ्या घडणीचा मेकॅनिकल सील येतो, म्हणून जुना काढायच्या आधी फोटो काढून ठेव. हातोडीनं ठोकायचा नाही, सीलच्या बाहेरच्या मापाचा सॉकेट वर ठेवून व्हाइसमधे हळूहळू दाबायचा. ओठाला थोडं ग्रीस, आणि शाफ्ट आत सारताना त्याच्या धारेवर सेलोटेपचा एक वेढा, नाहीतर नवा ओठ आत जातानाच कापला जातो. कव्हरची ओ-रिंग नवीच टाक. तिथं वरून सिलिकॉन पेस्ट थापायची गरज नाही, दाबून बाहेर आलेली पेस्ट आतल्या बाजूला पण निघते आणि तिचे तुकडे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. ६ एमएमच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास ताकद पुरते, नक्की आकडा मॅन्युअलमधे बघ.

सील गेला कशानं हेही बघायला पाहिजे. जुनं कूलंट भांड्यात तळाशी पांढरट गाळ धरत असेल तर आधीच्या मालकानं बोअरचं पाणी टाकलेलं. वाघोलीच्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलचं काय होतं ते तुला माहीतच असेल, तेच पंपात होतं, क्षार जमतात आणि सीलच्या ओठाला कानशीसारखे घासतात. ॲल्युमिनियम इंजिनचं सिलिकेट नसलेलं कूलंट आण, रेडीमिक्स असेल तर तसंच टाक, कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं ते आणि निम्मं बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर. भरताना गाडीचं पुढचं चाक विटेवर चढव, होजपाईप हातानं दाबत-सोडत भर, बुडबुडे येतात ते येऊ दे, दोन मिनिटं चालू करून थंड झाल्यावर परत लेव्हल बघ.

प्रश्न : नमस्कार. माझी १२५ टूस्ट्रोक आहे. बाहेर एक थेंब दिसत नाही तरी दोन राइडनंतर रेडिएटर बोटभर रिकामा. तापली की ओव्हरफ्लोच्या नळीतून थुंकते. स्टार्ट केल्यावर पांढरा धूर येतो पण थंडीचे दिवस आहेत म्हणून दुर्लक्ष केलं. मित्र म्हणतो वॉटर पंप, त्यानं वाघोलीवाल्या दोस्ताचं ऐकलंय. गिअर ऑइल आत्ताच बदललं, त्यात काही गडबड नव्हती. (कोथरूड)

उत्तर : गिअर ऑइल स्वच्छ निघालं हे तुम्ही शेवटी लिहिलंत पण खरी बातमी तीच आहे. टूस्ट्रोकमधे गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि पंपाचा शाफ्ट त्या बाजूला असतो, म्हणजे पंपाचा सील गेला तर कूलंट भोकातून बाहेर पडेल किंवा गिअर ऑइलमधे जाऊन ते दुधाळ करेल. दोन्ही नाही म्हणजे पंप निर्दोष सुटला. पाणी सिलिंडरमधे जातंय आणि जळून सायलेन्सरमधून निघतंय, मित्राला सांगा दोस्ताची गाडी वेगळी, तुमची वेगळी.

धुराचं असं की टूस्ट्रोकला धूर असतोच, तो निळसर आणि जळक्या ऑइलच्या वासाचा. वाफ पांढरीशुभ्र असते, जराशी गोडसर वास मारते आणि हवेत लगेच विरते. थंडीत सकाळी एक-दोन मिनिटं सगळ्याच गाड्या वाफ सोडतात, इंजिन गरम झाल्यावरसुद्धा ती येत राहिली तर ती थंडीची नाही. प्लग काढून बघा, टूस्ट्रोकचा प्लग चॉकलेटी किंवा काळपट तेलकट असतो, तुमचा जर एका बाजूनं घासून धुतल्यासारखा कोरा दिसला तर त्याला रोज वाफेची अंघोळ मिळतेय.

मग बुडबुड्यांची परीक्षा. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, कूलंट काठोकाठ भरा, स्टार्ट करा आणि तोंड बाजूला ठेवून आत बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा. पण एकसारखी माळ सुटली आणि थोडा थ्रॉटल दिल्यावर ती वाढली तर कॉम्प्रेशनचा गॅस पाण्यात घुसतोय. ओव्हरफ्लोतून थुंकायचं कारणही तेच, पाणी उकळत नसतं, गॅस त्याला ढकलून बाहेर काढतो. ह्याची अजून एक खूण म्हणजे स्टार्ट केल्यावर मिनिटभरात, इंजिन धड तापलंही नाही तोवर, वरचा होजपाईप दगडासारखा कडक होतो.

ह्यानंतरही शंका असेल तर प्रेशर टेस्ट. कारच्या रेडिएटरवाल्यांकडं हातपंप असतो, त्यांचं अडॅप्टर मोठ्या तोंडाचं, आपल्या छोट्या तोंडाला बसत नाही, मी एका जुन्या झाकणात लेथवाल्याकडून निपल बसवून घेतलाय. थंड गाडीत १ बारपर्यंत हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं, झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर कधीच जायचं नाही. काटा खाली आला आणि बाहेर सगळं कोरडं, तर प्लग काढा आणि किक हातानं हळू दाबा. प्लगच्या भोकातून तुषार आले की विषय संपला.

तुमच्या गाडीच्या हेडला पत्र्याचं पॅकिंग नसून बहुतेक दोन रबरी ओ-रिंग असतील, एक आतली सिलिंडरच्या तोंडाभोवती आणि एक बाहेरची. हेड काढणं टूस्ट्रोकमधे सोपं, कूलंट काढा, पाच-सहा नट, झालं. आतली ओ-रिंग एका जागी चपटी किंवा जळलेली सापडेल. पण नुसती रिंग बदलून हेड परत लावू नका, त्या जागी खाचेत गंज किंवा खड्डा आहे का बघा, आणि हेड सपाट आहे का ते बघा. स्टीलची पट्टी कडेवर आडवी-तिरपी ठेवून खालून ०.०५ एमएमची फिलर पात, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघायची. जात असेल तर हेड वाकलंय, तापल्यामुळं. किरकोळ असेल तर काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणा, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, पाणी मारा आणि हेड इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. चार फेऱ्या झाल्या की उचलून बघा, राखाडी रंग सगळीकडं सारखा आला की थांबा. हौसेनं घासत बसलात तर कॉम्प्रेशन वाढेल आणि गाडी ठोकायला लागेल. फोरस्ट्रोकवाल्यांनी हे वाचून आपलं हेड काचेवर घेऊ नये, त्यात कॅम बसतात, ते मशीन शॉपवाल्याचं काम.

नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. आणि नव्या ओ-रिंगांनंतरही पाणी कमी होतच राहिलं तर सिलिंडरखालचं पॅकिंग बघावं लागेल, तिथून पाणी थेट क्रँककेसमधे उतरतं. तोवर गाडी चालवू नका. टूस्ट्रोकचं खालचं बेअरिंग पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलवर जगतं आणि पाणी ते ऑइल धुवून नेतं.

प्रश्न : काका, मी आणि माझा दादा मिळून एक एन्ड्युरो बाईक वापरतो. मुळशीच्या बाजूला दगडांच्या चढावर पहिल्या गिअरमधे अर्धा तास गेला की माझ्याच हातात असताना ती नळीतून उकळतं पाणी ओकते. दादा म्हणतो मी क्लच फार वापरते. मैदानात काही होत नाही. झाकण १.१ चं आहे, ऑनलाइन १.८ चं मिळतंय, ते लावलं तर थांबेल का? (कर्वेनगर)

उत्तर : अगं हा लीकच नाही. रेडिएटरमधून वारं गेलं तर पाणी थंड होणार, आणि तासाला पाच-सात किलोमीटरच्या वेगानं कसलं आलंय वारं. झाकण हा प्रेशरचा व्हॉल्व्ह आहे, १.१ बार म्हणजे साधारण १६ पीएसआय झालं की स्प्रिंग उचलली जाते आणि पाणी नळीतून बाहेर. व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय.

पुण्याच्या उंचीला साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं-निम्मं कूलंट उघड्या भांड्यात १०७ च्या आसपास, आणि १.१ च्या झाकणाखाली सव्वाशेच्या वर जातं. १.८ लावलंस तर अजून वर जाईल हे खरं, पण इंजिन त्यानं एक अंशही गार होत नाही, फक्त ओकायला उशीर लागतो आणि तोवर जास्तीचं प्रेशर जुन्या होजपाईपवर, पंपाच्या सीलवर आणि रेडिएटरच्या सांध्यांवर. आज न गळणारी गाडी त्यानं गळायला लागू शकते. आधी आहे तेच झाकण उलटं करून बघ, खालचं रबर कडक झालंय का, त्यावर गोल खाच पडलीय का. मधली छोटी चकती बोटानं ओढली तर उघडून परत बसली पाहिजे, ती अडकली की गाडी थंड होताना होजपाईप चपटा होतो. रबर गेलं असेल तर त्याच आकड्याचं नवीन घे.

दुसरं, तू गळ्यापर्यंत भरतेस का? आतल्या पत्त्या बुडून वर बोटाच्या पेराच्याही आत एवढंच पाणी पाहिजे, वरची जागा फुगायला लागते. गळ्यापर्यंत भरलं की ते जास्तीचं ओकतं आणि मग आपोआप थांबतं, आणि लोक घाबरून परत गळ्यापर्यंत भरतात. जाळीतला वाळलेला चिखल मागच्या बाजूनं हलक्या पाण्यानं काढ. नेहमी असल्याच चढांवर जाणार असाल तर फॅन किट आणि ओव्हरफ्लोला एक छोटी बाटली, १.८ च्या झाकणापेक्षा ते पैसे सार्थकी लागतील. आणि दादाचं क्लचचं म्हणणं अगदीच खोटं नाही, अर्धा क्लच धरून चढवलं की इंजिन जास्त फिरतं, गाडी कमी पळते, दोन्हींचा ताप शेवटी इंजिनलाच. पण हे त्याला सांगू नकोस.

प्रश्न : पडल्यावर डावा रेडिएटर दबला आणि खालच्या बाजूला बारीक झिरपतंय. आमच्या गावाकडं ट्रकवाले रेडिएटरमधे हळद टाकतात. टाकू का? (हडपसर)

उत्तर : हळद चालते हो, ट्रकमधे. बारीक भुगा पाण्याबरोबर फिरतो, भोकाशी जमतो, फुगतो आणि वाट बुजवतो, ट्रकवाला मुक्कामाला पोचतो. पण भुग्याला गळतीचं भोक कुठलं आणि कामाचं कुठलं हे कळत नाही आणि आपल्या रेडिएटरच्या नळ्या फार अरुंद, मग गळती थांबते पण गाडी तापायला लागते. बाटलीतल्या लीक-स्टॉपचं पण थोड्याफार फरकानं हेच. रानात अडकलात आणि घरी पोचायचंय तर टाका एक चमचा, नंतर मात्र साध्या पाण्यानं दोन-तीनदा फ्लश करायला विसरू नका.

दबलेला रेडिएटर सरळ करायला जाऊ नका, ॲल्युमिनियम एकदा वाकलं की परत वाकवताना तडकतं. झिरपतंय ते जाळीतून की टाकीच्या सांध्यातून ते आधी बघा, रेडिएटर काढून तोंडं बुजवून बादलीत बुडवा आणि सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा द्या, ट्यूबचं पंक्चर काढतो तसं. सांध्यातून असेल तर ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग होतं, भोसरीच्या एमआयडीसीत करणारे आहेत, पण आतून-बाहेरून धुवून वाळवून न्या, कूलंटचा अंश राहिला तर वेल्ड फसफसतं आणि त्यात भोकं राहतात. जाळीतली मधली एखादी नळी गेली असेल तर दोन्ही टोकांना बुजवून टाकतात, एका नळीनं काही बिघडत नाही. चार-पाच गेल्या असतील तर नवीन घ्या, नाना पेठेत एखादा जुना मिळतोय का बघा, आणि ह्या वेळी त्याला गार्ड लावा.

प्रश्न : माझ्या एक्सपल्स २०० फोर व्ही ला पुढं छोटा रेडिएटर आहे, दगड लागून तिथं ओलं झालंय. कूलंट टाकायचं झाकणच सापडत नाही. (पिंपळे सौदागर)

उत्तर : सापडणार नाही, कारण नाहीये. तो ऑइल कूलर आहे, तुमचं इंजिन हवा आणि ऑइलवर थंड होतं. ओलं आहे ते इंजिन ऑइल, बोट लावून बघा. ऑइलची लेव्हल आत्ता लगेच तपासा, कमी असेल तर गाडी ढकलत न्या. कूलंट गेलं तर गाडी आधी वाफ दाखवते, ऑइल गेलं तर ती थेट आवाज करते आणि तोवर उशीर झालेला असतो.

प्रश्न : आमच्या पार्किंगमधे मुलाच्या बाईकचं हिरवं पाणी सांडतं आणि सोसायटीतलं कुत्रं ते चाटताना मी पाहिलं. मुलगा म्हणतो काही होत नाही. (धायरी)

उत्तर : होतं, ताई. बहुतेक कूलंटमधे इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड असतं म्हणून जनावरं चाटतात, आणि थोडंसं सुद्धा मूत्रपिंडाला घातक आहे. आधी कुत्रं दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, ओकतं, मग मधे काही तास बरं झाल्यासारखं वाटतं आणि लोक फसतात, त्यानंतर लघवी बंद होते. चाटताना दिसलं की लक्षणांची वाट न बघता त्याच तासात जनावरांच्या डॉक्टरकडं न्यायचं आणि बाटलीवरचं लेबल दाखवायचं, पहिल्या काही तासांत औषध गेलं तरच उपयोग होतो. सांडलेल्यावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून उचलून घ्या, मग साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा. मुलाला म्हणावं गळती निघेपर्यंत गाडीखाली पुठ्ठा नको, काठ असलेला ट्रे ठेव आणि वरून जाळी, आणि काढलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नकोस.